कुंडलिकेवर विंडी, दामिनी आणि मौसम: एप्रिल ते परतीचा पाऊस

कुंडलिका नदीवर, कोलाडला, कयाक (वल्ह्याची छोटी होडी) किंवा राफ्टसाठी निघणाऱ्यांनी हवामानाचं अॅप उघडण्याआधी तिथल्या ओळखीच्या गाइडला फोन करावा आणि एकच विचारावं, "उद्या पाणी सुटणार ना?" एप्रिलपासून परतीच्या पावसापर्यंत मी वाऱ्या-पावसाचा अंदाज देणारं विंडी, वीज कुठे पडतेय ते दाखवणारं दामिनी आणि हवामान खात्याचं मौसम ही तीन अॅप्स वापरली. तिन्ही फोनमध्ये राहणार आहेत. पण कुंडलिकेला पाणी किती असेल हे त्यातलं एकही सांगत नाही, आणि तो त्यांचा दोषही नाही.

ही नदी पावसापेक्षा वीजघराचं जास्त ऐकते. मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, टर्बाइन फिरवतं आणि कुंडलिकेत उतरतं. पुढे रावळज्याहून सकाळी ते सोडलं की राफ्ट निघतात. (ज्याच्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला, तेच हे धरण.) म्हणून तर ऐन मे महिन्यात, आजूबाजूचे ओढे आटलेले असताना, इथे लाटा मिळतात. सुटण्याआधी पात्रात जेमतेम घोटाभर पाणी असतं आणि वर सुकलेल्या शेवाळाचे पांढुरके गोटे. मग ते गोटे खालून काळे पडायला लागतात, आणि मगाशी ज्या दगडावर चपला काढलेल्या असतात तो बघता बघता पाण्याखाली जातो. अशा दिवशी विंडीवर पाऊस शून्य असतो, आणि ते अगदी बरोबर असतं.

विंडीचा खरा उपयोग मला मुळशीच्या बॅकवॉटरवर झाला. उन्हाळ्यात तिथे सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की हवा भरलेली कयाक वल्हवून वल्हवून खांदे भरून येतात. सरासरी वाऱ्याकडे बघू नका, नकाशावर झोतांचा (गस्ट्स) थर निवडून तो बघा. झोत ताशी 25 किलोमीटरच्या वर दिसले की मी बोट गाडीवरून उतरवत नाही. वाऱ्याची दिशा आणि तो कधी चढेल याचा अंदाज बहुतेक वेळा जमतो, जोर मात्र चुकतो. विंडी ज्या युरोपियन मॉडेलचा अंदाज दाखवतं, त्याची चौकट, म्हणजे एक अंदाज जेवढ्या चौकोनासाठी असतो तो, साधारण 9 किलोमीटरची. तेवढ्यात घाटाची कड, धरण आणि अलीकडची भातखाचरं सगळीच मावतात, मग डोंगराच्या खाचेतून येणारा वारा त्यात कुठून दिसणार?

पावसाचंही तेच. पुणे शहरात वर्षाला साधारण 750 मिलिमीटर पाऊस पडतो, कोलाडच्या वाटेवरच्या ताम्हिणी घाटात त्याच्या कित्येक पट. त्यामुळे "पुणे: हलक्या सरी" वाचून घाटात शिरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. खात्याच्या इशाऱ्यांत पुण्याचा घाटमाथा वेगळा दिलेला असतो, तोच वाचावा, आणि घाट उतरल्यावर जिल्हा बदलतो म्हणून रायगडचाही. 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर म्हणजे "अति जोरदार". एवढा पडला की सोडलेल्या पाण्यात ओढ्यांचं पाणी मिसळतं आणि गाइडलाही नेमका अंदाज राहत नाही. तेव्हा मी डोलवहाळ बंधाऱ्याची पातळी बघते: 23 मीटर इशारा, 23.95 धोका. बंधारा खालच्या अंगाला आहे, पण नदी चढतेय की उतरतेय एवढं त्यावरून कळतं, आणि चढत असेल तर आमचा बेत घरी भजी तळण्याचा. (फोनबरोबर आलेलं हवामानाचं अॅप जून ते सप्टेंबर रोज ढग-पावसाचं एकच चित्र दाखवत होतं. त्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर बरं.)

तिघांत एकच ठेवायचं झालं तर मी दामिनी ठेवेन. आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं आहे, फुकट आहे. दिसायला जुनाट, नकाशा हळू उघडतो. पण आपण उभे असू तिथून 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात गेल्या काही मिनिटांत वीज कुठे पडली ते ठिपक्यांनी दाखवतं. एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या दुपारी हेच लागतं. एकदा पलीकडच्या डोंगरामागे ढग दाटले होते, आमच्या डोक्यावर मात्र लख्ख ऊन. दामिनीवर ठिपके 40 च्या वर्तुळातून 20 च्या वर्तुळात सरकताना दिसले आणि आम्ही काठाला लागलो. शेजारचा ग्रुप हसत होता. अर्ध्या तासात तेही गाडीत बसले, ओलेचिंब.

अडचण रेंजची. ताम्हिणीत फोन गप्प होतो आणि हे सगळं इंटरनेटवर चालतं. मी पौड सोडण्याआधी विंडी आणि मौसम बघून स्क्रीनशॉट काढून ठेवते. दामिनीचा स्क्रीनशॉट काही कामाचा नाही, त्यासाठी काठावर रेंज असलेली जागा आधी शोधून ठेवावी लागते.

विंडीचे पैसे भरावेत का, असं बरेच जण विचारतात. भरले की तीन तासांऐवजी तासातासाचा अंदाज मिळतो. बॅकवॉटरवर दर आठवड्याला जाणाऱ्यांनी, शिडाची बोट असलेल्यांनी तर नक्की, घ्यायला हरकत नाही. फक्त कोलाडला जाणार असाल तर त्या पैशांत परतीच्या वाटेवर मिसळ खा.