घसा धरलाय: गुळण्या, ज्येष्ठमध, मध-आलं की हळदीचं दूध?

विसर्जन मिरवणुकीचा दुसरा दिवस असो की डिसेंबरातली पुण्याची कोरडी थंडी, घसा धरला की घरातलं प्रत्येक माणूस वेगळा उपाय सांगतं आणि संध्याकाळपर्यंत सगळेच करून होतात. त्याआधी त्रास नेमका कोणता आहे ते बघा. आवंढा गिळताना दुखतंय, तर घशाला सूज आहे. गिळताना काही नाही पण सारखं खाकरावंसं वाटतंय, तर ती कोरडी खवखव. आणि ढोल-ताशा पथकात ओरडून आवाज बसला असेल, तर ताण स्वरयंत्रावर आलाय. तिन्हींना एकच उपाय लागू पडत नाही.

गिळताना दुखत असेल तर आधी मिठाच्या गुळण्या. मोठा पेला म्हणजे 250 मिली कोमट पाणी आणि त्यात चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ, साधारण 3 ग्रॅम. हे पाणी शरीरातल्या द्रवापेक्षा किंचित जास्त खारट होतं, म्हणून सुजलेल्या भागातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ठणका उतरतो. मीठ वाढवलं म्हणून गुण वाढत नाही. दोन चमचे टाकलेत तर घसा कोरडा पडून आग होते, आणि मग लोक म्हणतात की गुळण्या सोसत नाहीत. पाण्याचा थेंब मनगटावर टाकून बघा, चटका बसता कामा नये. मान मागे टाकून 10-15 सेकंद घशात खळखळवा, थुंका, पेला संपेपर्यंत हेच. दिवसातून तीन-चार वेळा. जेवणानंतर लगेच केल्यात तर उमासा येतो. हे पाणी गिळायचं नाही, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. लहान मुलांना गुळणी जमत नाही, ती पाणी पिऊन टाकतात. त्यांच्यासाठी हा उपाय सोडून द्या.

कोरड्या खवखवीला गुळण्यांपेक्षा ज्येष्ठमध बरं, विशेषतः शिक्षक, गायक, कॉल सेंटरमधले अशा दिवसभर बोलणाऱ्यांना. ते खिशात राहतं आणि चघळलं की लाळ सुटून घसा ओला राहतो. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीवाल्याकडून पूड न घेता काडी घ्या, पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही. काडी मोडून बघा: आतून पिवळी, दोरे सुटणारी आणि चावताच गोड हवी. काळपट किंवा कुबट वासाची असेल तर परत करा. पेराएवढा तुकडा दिवसातून दोनदा पुरे. हिच्या गोडीमागे ग्लिसरायझिन हे द्रव्य आहे. ते जास्त पोटात गेलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. त्यामुळे रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा गरोदरपण असेल, तर ज्येष्ठमध नको.

रात्री खोकल्याची ढास लागत असेल तर मध. झोपताना एक चमचा तोंडात धरून हळूहळू गिळा आणि त्यावर पाणी पिऊ नका. मध घशावर लेप धरतो. कपभर पाण्यात ढवळलात तर तो लेपच राहत नाही. आल्याचा रस घालायचा तर पाव चमचाच, सुजलेल्या घशाला आलं झोंबतं. मधुमेहींनी मध साखरेच्याच हिशेबात धरावा. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र चाटवायलासुद्धा देऊ नका. मधात बॉट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही.

हळदीच्या दुधाने झोपताना ऊब मिळते, सुजेवर त्याचा भरवसा कमी. कपभर दुधाला पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड, आणि तीन-चार मिनिटं उकळी. वरून नुसती हळद ढवळली तर ती तळाशी बसते आणि शेवटच्या घोटाला घशात टोचून ठसका लागतो.

काढा सगळ्यात शेवटी. तुळस आणि गवती चहाचा पातळ काढा छान लागतो, पण मिरी-सुंठ घालून दाट आटवलेला काढा पित्त खवळवतो. ज्यांचा घसा सकाळी उठल्यावरच दुखतो आणि तोंड आंबट असतं, त्यांचं दुखणं बहुधा वर येणाऱ्या पित्ताचंच असतं. त्यांना काढ्याने उलट त्रास वाढेल.

आवाज बसला असेल तर गुळणीचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही. दोन दिवस मौन आणि भरपूर पाणी, हाच खरा उपाय. कुजबुजणं म्हणजे मौन नव्हे, त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

श्वास घ्यायला त्रास होतोय, तोंड उघडत नाही किंवा लाळही गिळवत नाही, तर घरचा उपाय न करता थेट दवाखाना गाठा. शाळकरी मुलाला ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि खोकला मात्र नाही, तर तो स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग असू शकतो. तो अंगावर काढला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. अशा मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि अँटिबायोटिक दिलं तर बरं वाटल्यावरही सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा.