इंजिन ऑइलची गळती: पॅकिंग घरी बदलावे की गाडी गॅरेजला द्यावी?

गाडी उभी राहते त्या जागेवर ऑइलचे डाग दिसू लागले की मालकापुढे तीन वाटा असतात: ऑइलमध्ये गळती थांबवणारे द्रावण ओतणे, पॅकिंग (दोन भागांच्या सांध्यातून ऑइल बाहेर येऊ न देणारी पट्टी) आणून स्वतः बदलणे, किंवा गाडी गॅरेजला देणे. या तिन्हींची तुलना बहुतेक जण खर्चावरून करतात. माझ्या मते ती आधी गळतीच्या जागेवरून करावी. कारण बऱ्याच इंजिनांमध्ये टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचे, पॅकिंग घरी निवांत बदलता येते, तर क्रँकशाफ्टच्या (इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाचे ऑइल सील, म्हणजे त्या दांड्याभोवतीचे रबरी कडे, बदलण्यासाठी सहसा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि जमिनीवरचा डाग मात्र दोन्हींचा सारखाच असतो.

ऑइल खाली ओघळते आणि धावत्या गाडीखालचा वारा ते मागे ढकलतो, त्यामुळे सर्वांत ओली दिसणारी जागा हे क्वचितच गळतीचे मूळ असते. इंजिन तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने स्वच्छ करून कोरडे करावे, गाडी थोडी चालवावी आणि इंजिन थंड झाल्यावर टॉर्चच्या उजेडात सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. संशयित सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरली तर ओघळाची वाट स्पष्ट उमटते. याच वेळी ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि ऑइल प्रेशर स्विच यांच्याकडेही पाहावे. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला गेला, तर होणारी गळती भल्याभल्यांना पॅकिंगची वाटते. शिवाय क्रँककेसमधील, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या इंजिनाच्या खालच्या भागातील, वाफा बाहेर नेणारा व्हॉल्व्ह तुंबला असेल तर आत दाब साचून ऑइल सर्वांत कमकुवत सांध्यातून बाहेर पडते. तो तसाच ठेवून पॅकिंग बदलणाऱ्याला हेच काम दुसऱ्यांदा करावे लागण्याची शक्यता मोठी.

द्रावणाचा पर्याय सर्वांत सोपा आणि सर्वांत मर्यादित आहे. त्यातील रसायने कडक झालेले रबर काहीसे मऊ करतात व फुगवतात. म्हणून रबरी ऑइल सील झिरपत असेल तर त्याचा थोडाफार उपयोग होऊ शकतो. फाटलेल्या, चेपलेल्या किंवा कॉर्कच्या पॅकिंगवर फारशी आशा ठेवू नये. जुन्या गाडीचे मागचे सील अगदी हळू झिरपत असेल आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च गाडीच्या मानाने जास्त वाटत असेल, तर हा प्रयोग समजण्यासारखा आहे. टॅपेट कव्हरसाठी मात्र मी तो सुचवणार नाही.

टॅपेट कव्हर वरच असल्याने गाडी उचलावी लागत नाही आणि बहुधा ऑइलही काढावे लागत नाही. सॉकेट संच, कमी क्षमतेचा टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराइतकाच आवळू देणारा), प्लास्टिकची खरवडणी आणि धागे न सुटणारे कापड एवढी सामग्री बहुतेकदा पुरते. इंजिनवर इतर भागांची दाटी नसेल तर सावकाश काम करूनही अर्धा दिवस पुष्कळ झाला. घरी काम करण्याचा खरा फायदा पैशांपेक्षा वेळेचा आहे: सांध्याची दोन्ही पृष्ठे पूर्ण कोरडी आणि स्वच्छ होईपर्यंत पुसत बसायला घाईतल्या कारागिराला सवड नसते, आपल्याला असते. अॅल्युमिनियमवर पोलादी पाते चालवू नये, कारण एखादा खोल ओरखडा ऑइलला आयती वाट करून देतो. घासणारी चकती तर अजिबात वापरू नये, तिचे कण इंजिनात गेल्यास बेअरिंग खराब होतात. स्पार्क प्लगच्या खळग्यांत ऑइल साचले असेल तर प्लग काढण्याआधी ते टिपून घ्यावे आणि त्या नळ्यांची सीलही याच वेळी बदलावीत.

घरच्या कामात सर्वाधिक नुकसान होते ते बोल्ट आवळताना. टॅपेट कव्हरच्या बोल्टांचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बऱ्याच इंजिनांत १० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे मनगटाच्या जोराइतकाच असतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. जास्त आवळल्याने गळती जास्त थांबते, हा समज मीही एकदा आटे खराब करूनच सोडला. पुस्तिकेत वेगळा क्रम दिलेला नसेल तर मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे.

पॅकिंगच्या प्रकारांतही निवड असते, पण इंजिनासाठी साच्यातले रबरी पॅकिंग ठरवून दिलेले असेल तर तेच घ्यावे. कॉर्क स्वस्त असते. मात्र उष्णतेने ते आक्रसते व ठिसूळ होते. ट्यूबमधल्या सिलिकॉनचा थर सगळीकडे फासण्याचा मोह टाळावा. रबरी पॅकिंगसोबत ते पुस्तिकेत दाखवलेल्या कोपऱ्यांवर थेंबभरच लावायचे असते. जास्तीचे आत सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकते. ते पूर्ण वाळायला अनेकदा २४ तास लागतात, तेव्हा गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच हवी असेल तर घरच्या कामाचा बेत पुढे ढकललेला बरा.

ऑइल चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइल साठवणाऱ्या भांड्याचे, पॅकिंग मात्र सीमारेषेवर आहे. काम अवघड नाही, जागा अवघड आहे. गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकवर विसंबून चालत नाही. सपाट, कठीण जमिनीवर भक्कम स्टँड लावावेच लागतात. काही गाड्यांत चेंबर सुटण्यासाठी सायलेन्सरचा पाइप किंवा खालची चौकटही काढावी लागते. आपल्या गाडीत तसे असेल तर मी गॅरेजच निवडीन.

टायमिंग कव्हर (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीवरचे किंवा पट्ट्यावरचे झाकण), मागचे ऑइल सील आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक व त्यावरचे हेड यांच्यामधले पॅकिंग) यांच्याबाबत अनुभव नसलेल्याने घरी प्रयत्न करू नये. हेड गॅस्केटमध्ये हेडचा सपाटपणा मोजावा लागतो, अनेक इंजिनांत बोल्ट नवे घालून ठरावीक कोनात ताणावे लागतात, आणि टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह व पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ, चुकल्यास काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मजुरी टॅपेट कव्हरलाही द्यावी लागते आणि मागच्या सीललाही. पण दुसऱ्या कामात तिच्या बदल्यात लिफ्ट, अवजारे आणि सराव मिळतो, पहिल्यात बहुतांशी फक्त आपला वेळ वाचतो. गॅरेजला देतानाही इंजिन धुऊन गळतीचे मूळ दाखवाल का आणि कामाची हमी किती दिवसांची, हे आधी विचारावे.

ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून धूर येत असेल किंवा डिपस्टिकवरील पातळी खालच्या खुणेखाली गेली असेल, तर घर की गॅरेज हा विचार नंतर. आधी गाडी चालवणे थांबवावे.

काम घरी केल्यास इंजिन सुरू करून सांधा टॉर्चने तपासावा आणि थोडे चालवून झाल्यावर पुन्हा पाहावा. एक्झॉस्टवर आधी सांडलेले ऑइल जळून सुरुवातीला थोडा वास येतो, तो हळूहळू कमी झाला पाहिजे. कॉर्कचे पॅकिंग तापून थंड झाल्यावर त्याचे बोल्ट एकदा ठरलेल्या टॉर्कला तपासता येतात. साच्यातल्या रबराचे मात्र पुन्हा आवळू नयेत.