मिरचीचा तिखटपणा मोजताना ट्रॅडिशनल इंटिग्रेशन घ्यावं की एपेक्सट्रॅक?

नंदुरबारच्या पथारीवरची (मिरची वाळवायच्या मैदानावरची) लाल मिरची एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर लावली, की 280 नॅनोमीटरच्या प्रकाशात तिखट घटकांचे पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, दिसतात: आधी नॉरडायहायड्रोकॅप्सायसिन येतो, त्याला खेटून कॅप्सायसिन आणि मग सुटा डायहायड्रोकॅप्सायसिन. खरा घोळ पहिल्या दोघांत. शुद्ध कॅप्सायसिन सुमारे 1 कोटी 60 लाख स्कोव्हिल (तिखटपणाचं एकक), नॉरडायहायड्रो सुमारे 90 लाख. छोटा पीक मोठ्यात गेला, तर मिरची आहे त्यापेक्षा तिखट ठरते. शिरपूर, चोपडा, फैजपूरकडची एम.फार्म.ची मुलं एम्पॉवर या एचपीएलसीच्या सॉफ्टवेअरवर बसली की विचारतात, त्यातल्या ट्रॅडिशनल आणि एपेक्सट्रॅकपैकी कोणतं इंटिग्रेशन (पीकखालचं क्षेत्रफळ मोजायची पद्धत) लावू? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ट्रॅडिशनल पद्धत सिग्नलचा चढ बघत पुढे जाते. चढ थ्रेशोल्डच्या (ठरवलेल्या मर्यादेच्या) वर गेला की पीक सुरू, उतरून सपाटी आली की संपला. समजायला सोपी. आयसोक्रॅटिक रन (द्रावकाचं मिश्रण शेवटपर्यंत तेच), सुटे पीक, रोजचा अ‍ॅसे (घटकाचं प्रमाण काढणं), एवढं असेल तर तीच पुरे. जुनी व्हॅलिडेटेड (तपासून मान्य झालेली) मेथड तिच्यावर असेल, तर उगाच हात लावू नका.

एपेक्सट्रॅक आधी शिखर शोधतं आणि बेसलाइन (पीकखालची तळरेषा) नंतर आखतं. ते चढ न बघता वक्रता बघतं, म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह (चढ किती वेगाने बदलतो ते). ग्रेडियंटमध्ये, म्हणजे द्रावकाचं मिश्रण बदलत नेताना, बेसलाइन हळूहळू वर सरकते, तेव्हा याचा फायदा कळतो. सरळ चढणाऱ्या रेषेला चढ असतो, वक्रता नसते. ट्रॅडिशनल त्या चढालाच पीकची सुरुवात समजू शकतं, एपेक्सट्रॅक फसत नाही. कॅप्सायसिनच्या खांद्यावर बसलेल्या छोट्या पीकचंही तसंच. मध्ये दरी नसल्यामुळे ट्रॅडिशनलला दोन्ही मिळून एकच दिसतो. एपेक्सट्रॅकमध्ये ‘डिटेक्ट शोल्डर्स’ इव्हेंट लावला, तर खांदा वेगळा धरता येतो.

पण दुसरा डेरिव्हेटिव्ह नॉइजही (सिग्नलमधली बारीक थरथर) फुगवतो. पीक विड्थ (पीकची अपेक्षित रुंदी) फार कमी ठेवली तर बेसलाइनवरची प्रत्येक थरथर पीक म्हणून यादीत येते, फार जास्त ठेवली तर खांदाच पुसला जातो. माझा निम्मा वेळ या एका आकड्यात जातो.

ग्रेडियंट, इम्प्युरिटी किंवा मिरचीसारखा गुंतलेला अर्क असेल तर माझं मत एपेक्सट्रॅकला. मात्र सापडलेला खांदा म्हणजे सुटलेला पीक नव्हे. सॉफ्टवेअर तिथे उभी रेघ मारतं आणि मोठ्या पीकचा काही भाग छोट्याच्या खात्यात टाकतं. आकडा खात्रीचा हवा असेल तर मोबाइल फेज (वाहता द्रावक) बदला, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) बदला, दोघांना आधी खरोखर सुटं करा.

आणि काहीही निवडलं तरी स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेला नमुना) आणि सँपल एकाच प्रोसेसिंग मेथडने चालवा. हाताने बेसलाइन ओढायचीच वेळ आली, तर ऑडिट ट्रेलमध्ये (बदलांच्या नोंदीत) कारण नीट लिहा. ‘इंटिग्रेशन सुधारलं’ हे कारण नव्हे. ‘खांद्याची सुरुवात आपोआप धरली गेली नाही’ हे कारण.