बॉम जीझस बॅसिलिका, ओल्ड गोवा : दहा मिनिटांत उरकू नका

पाचपैकी पाच स्टार, डोळे झाकून. गोव्यात जाऊन नुसतं बीचवर लोळणाऱ्यांनी अर्धा दिवस काढून इथे याच. एंट्री फ्री आहे, फक्त खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला, शेवटी चालू चर्च आहे ते, कोकणीतून मास (प्रार्थनाविधी) होतो.

बहुतेक टुरिस्ट आत आले की थेट उजवीकडे सेंट फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रचारक संताचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीकडे पळतात, मान वर करून बघतात आणि बाहेर. अहो पण त्या पेटीखालचा चबुतरा बघा ना! पेटी इथल्याच सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली, आणि खालचा रंगीत संगमरवर थेट इटलीतून, टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला, फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराला तो घडवायला दहा वर्षं लागली आणि १६९८ मध्ये तो इथे जोडला. चारी बाजूंनी ब्राँझचे पट आहेत, त्यात झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत. ते वारले १५५२ मध्ये चीनजवळच्या एका बेटावर, तिथून त्यांचं शव मलाक्काला, मग १५५४ मध्ये गोव्यात आणलं. गोंयचो सायब म्हणतात त्यांना, आणि त्यात फक्त ख्रिश्चनच नाहीत, बाहेर मेणबत्त्यांच्या जोडीला मेणाचे हात, पाय, बाळं विकायला असतात, नवस बोलणारे सगळ्या धर्मांचे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे दर्शनी भिंत. १५९४ ला पायाभरणी आणि १६०५ ला चर्च तयार. बाकी सगळं बांधकाम जांभ्याचं पण समोर कोरीवकामाला जो काळा दगड लावलाय तो आपल्या वसईकडून समुद्रमार्गे आणलेला! वसईचा किल्ला बघितलेल्यांनी तर या भिंतीसमोर जरा जास्त वेळ थांबाच.

त्या लालसर भिंती फोटोत भारी दिसतात हे खरं पण मुळात त्यांना चुन्याचा गिलावा होता, १९५० च्या दशकात पोर्तुगीज काळातच तो काढला कारण म्हणे उघडा दगड जुना वाटतो. जांभा असा उघडा पावसात ठेवतात का? कोकणातला कुणीही सांगेल. जवळ जाऊन बघा, चिऱ्यांना भोकं पडलीत, कडा झिजल्यात, जीव तुटतो बघून. माझ्या मते गिलावा परत करायलाच हवा, फोटो गेले तरी चालतील.

सकाळी लवकर जा, शक्यतो वर्किंग डेला. ३ डिसेंबरला झेवियरचं फेस्त (सण) असतं, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना म्हणजे रोजच्या प्रार्थना, भक्तीने जायचं असेल तर तेव्हाच जा पण वास्तू निवांत बघायची असेल तर ते दिवस टाळा. आणि रस्त्यापलीकडे सी कॅथेड्रल आहे, एक बुरूज १७७६ ला पडला तो परत बांधलाच नाही, तेही त्याच फेरीत होतं.