प्लिकर्स हे क्विझचं ॲप वापरून बघितलं, मराठी शाळेतल्या मास्तरांसाठी सांगतोय

खानापूरकडच्या आमच्या शाळेत पोरांकडं मोबाईल कुठले ओ, म्हणून ऑनलाईन क्विझ म्हटलं की मी आधी हातच झटकायचो, पण प्लिकर्सला फोन फक्त मास्तरचा लागतोय. पोरांना कागदावर छापलेलं एकेक कार्ड द्यायचं, कार्डाच्या चार बाजू म्हणजे ए बी सी डी, उत्तर असेल ती बाजू वर करून धरायचं आणि आपण कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कुणाचं बरोबर कुणाचं चूक लगेच दिसतंय. प्रत्येकाच्या कार्डावरचं चित्र वेगळं आणि अक्षरं एकदम बारीक, त्यामुळं शेजाऱ्याचं बघून लिहिणाऱ्यांची पंचाईत झालीय.

कार्डं साईटवरून फुकट मिळतात, बेळगावात झेरॉक्स मारून जाड कागदावर चिकटवा, चकचकीत लॅमिनेशन मात्र नको, उजेड पडला की स्कॅन होत नाही. ॲप इंग्लिशमध्ये हाय पण प्रश्न मराठीत टाईप होतात, कन्नडचेपण घाला की. निबंधाला, गणिताच्या रीतीला काही उपयोग नाही, बहुपर्यायी प्रश्नच फक्त. फोनला नेट लागतंय, पावसाळ्यात आमच्याकडं तेच अवघड. तरी पाचपैकी चार देतो, शेवटच्या बाकावरचीपण कार्ड वर करायलीत आता.