प्रशांत महासागरात दोघांचे ६२ दिवस: परत आल्यावर सहा महिन्यांनी

परत येऊन सहा महिने झाले. उतरल्या उतरल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. पहिले आठ-दहा दिवस तर घरातली फरशीसुद्धा डुलतेय असं वाटायचं. आता सगळं खाली बसलंय. काय टिकलं, काय विसरलं आणि कुठे पैसे वाया गेले, हे आता नीट सांगता येईल.

आम्ही दोघं पुण्याचे. मी ६४ वर्षांची, बँकेतून निवृत्त. हे ६८चे, जन्म मालवणचा, नोकरी पिंपरीच्या कारखान्यात, तीही बरीच वर्षं पाळ्यांची. मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा सप्टेंबरच्या शेवटी लॉस एंजेलिसजवळच्या सॅन पेद्रो बंदरातून प्रवासी जहाजाने निघालो. हवाई, ताहिती, सामोआ, फिजी, न्यूझीलंड करत सिडनी, आणि न्यू कॅलेडोनिया, फिजी, हवाई करत परत त्याच धक्क्यावर. ६२ दिवसांपैकी ३७ दिवस चहूकडे फक्त पाणी.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. बेटं बघायची असतील तर ही सफर घेऊ नका. एकेका बेटावर जेमतेम आठ-नऊ तास मिळतात, त्यातला एक तास चढण्या-उतरण्यात जातो. विमानाने जाऊन आठवडाभर राहिलात तर कितीतरी जास्त बघून होईल. ही सफर घ्यायची ती त्या ३७ दिवसांसाठी. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माहितीपत्रकात सगळे फोटो बेटांचेच होते.

खोली आम्ही खिडकीची घेतली. बाल्कनीची परवडत नव्हती आणि बिनखिडकीच्या खोलीत दोन महिने राहायची माझी तयारी नव्हती. आकार साधारण १७० चौरस फूट, त्यातच न्हाणीघर. खालचा मजला आणि जहाजाचा मधला भाग मुद्दाम मागून घेतला. तिथे हेलकावे सगळ्यात कमी लागतात, पाळण्याच्या आसाजवळ बसल्यासारखं. ज्यांनी हौसेने सगळ्यात वरची, पुढच्या टोकाची खोली घेतली होती, ते ऑकलंड ते सिडनी या टप्प्यात रात्री झोपले नाहीत. टास्मान समुद्रात ते तीन दिवस आमच्याही पोटात ढवळलं, पण आलेपाक, ॲव्होमिनच्या गोळ्या आणि क्षितिजाकडे बघत बसणं यावर निभावलं. खोलीत किटली, इस्त्री, शेगडी काही चालत नाही, आगीची भीती. मी थर्मास नेला होता. सकाळी साडेपाचला भोजनगृहातून गरम पाणी आणून खोलीत चहा करायचो.

आता दोघांबद्दल. लग्नाला ३८ वर्षं झाली, पण जागेपणी सलग इतके तास एका खोलीत आम्ही कधीच नव्हतो. यांच्या पाळ्या, माझी शाखा, मुलाची शाळा, सासूबाईंचं आजारपण. संसार केला तो एकमेकांच्या हातात किल्ल्या देत. त्यामुळे होनोलुलूपर्यंतचे पाच दिवस मजेत गेले आणि नंतर भांडण झालं. कारण अगदी क्षुल्लक होतं, कपाटातला खण कुणाचा. घरी असते तर हे फिरायला गेले असते, मी शेजारी गेले असते. तिथे जायचं कुठे? चार तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही आणि त्या खोलीत चार तास फार मोठे असतात.

मग यांनीच तोडगा काढला. नाश्ता झाला की जेवणापर्यंत दोघांनी वेगळं राहायचं. हे वाचनालयात किंवा डेकवर, मी युकुलेले या छोट्या गिटारीसारख्या वाद्याच्या वर्गात. जेवायला भेटलो की एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं. हे रोज उडणारे मासे मोजून यायचे. लांबच्या सफरीला जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी हेच सांगेन. सामानाची यादी नंतर करा, सकाळचे चार तास आधी वाटून घ्या.

होनोलुलूत पर्ल हार्बर पाहिलं. ७ डिसेंबर १९४१ ला बुडालेल्या ॲरिझोना युद्धनौकेवर १,१७७ माणसं गेली. तिच्या टाकीतलं तेल अजूनही थेंबाथेंबाने वर येतं आणि पाण्यावर रंगीत वर्तुळ पसरतं. ते पाहून यांना बोलवेना. दुसऱ्या दिवशी काउआई बेटावर इराइवन मंदिरात गेलो. सगळा ग्रॅनाइट बेंगळुरूजवळ हाताने घडवून समुद्रमार्गे आणलाय आणि मार्च २०२३ मध्ये कुंभाभिषेक झाला. भोवती हिरवी दरी, ओढा, आणि मध्येच दक्षिणेतलं देऊळ. दर्शन दुपारी बारापर्यंतच असतं, म्हणून धक्क्यावरून लवकर टॅक्सी करा.

काउआई सोडल्यावर ताहितीपर्यंत जवळजवळ सहा दिवस जमीन दिसत नाही. जहाजाबाहेरचा एक दिवा नाही, एक होडी नाही. माझ्या मते सगळी सफर या सहा दिवसांत आहे.

हे रोज रात्री ध्रुवतारा बघायचे. आपण पृथ्वीवर जितक्या अंशांवर उभे असू, तितक्याच अंशांवर तो क्षितिजाच्या वर असतो. लॉस एंजेलिसला ३४, होनोलुलूला २१. पुण्यात आपल्याला दिसतो तो साधारण साडेअठरा अंशांवर. तो रोज खाली खाली जाताना बघितला आणि चौथ्या रात्री तो क्षितिजावरच्या धुरकटात हरवला. लहानपणापासून ज्याला अढळ म्हणत आलो, तो माझ्यासमोर समुद्रात उतरला. त्या रात्री मला खरंच भीती वाटली. मी यांचा हात धरला, खूप वर्षांनी.

याच पाण्यातून १९७६ मध्ये होकुलेआ नावाची जोडहोडी हवाईहून ताहितीला गेली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. मायक्रोनेशियातले माऊ पिआइलुग हे नावाडी तारे, लाटांची दिशा आणि पक्षी बघून तिला घेऊन गेले. त्यांना महिना लागला. रात्री डेकवर उभं राहिलं की तो महिना म्हणजे काय, ते कळतं.

विषुववृत्ताच्या आसपास होतो तेव्हा कोजागरी आली. घरून मसाल्याचा डबा नेला होता. गरम दूध मागायला गेले तर देणारा मुलगा गोव्याचा निघाला, सासष्टीकडचा. घरातली तिसरी पिढी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारी. मी पुण्याची म्हटल्यावर तो मराठीत बोलायला लागला, आणि हे मालवणचे कळल्यावर त्याने कोकणीतच विचारलं, “तुमी खंयचे?” मग दोघांची गट्टी जमली. त्याने दुधाचं मोठं भांडंच भरून दिलं. बारा वाजता डेकवर गेलो. चंद्र जवळजवळ डोक्यावर होता, इतका वर की आपली सावली पायाखाली गोळा झालेली. पुण्यात गच्चीवर कोजागरी केली तेव्हा असा चंद्र कधी पाहिला नव्हता. शेजारच्या खुर्च्यांवर एक वृद्ध कॅनडियन जोडपं होतं, त्यांनाही पेले दिले. त्या बाईंनी वेलदोड्याचा वास घेतला आणि डोळे मिटले. त्या रात्री साडेतीनपर्यंत आम्ही बोलत होतो. यांनी मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. ३८ वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. इथे ते लिहिणार नाही.

ताहितीत पापेतेच्या मंडईत हे एका टोपलीसमोर थबकले. “अगो, नीरफणस!” तिथे त्याला उरू म्हणतात. मालवणात यांच्या आईच्या हातची नीरफणसाची कापं असायची, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. कॅरिबियन मळ्यांतल्या गुलामांना स्वस्त अन्न म्हणून याच उरूची हजारावर रोपं ताहितीहून ‘बाउंटी’ जहाजाने नेली जात होती, तेव्हा १७८९ मध्ये खलाशांनी बंड केलं आणि रोपं समुद्रात फेकली. आम्ही भाजलेला उरू घेतला, सोबत नारळाच्या दुधात आणि लिंबात मुरवलेला कच्चा मासा. यांनी दोन वाट्या खाल्ल्या. माझा सोमवार होता, मी फळं खाल्ली.

सोमवारावरून आठवलं. अमेरिकन सामोआतलं पागो पागो आणि शेजारच्या सामोआ देशातलं आपिया यांत अंतर साधारण ८० सागरी मैल. घड्याळात काटा एकच, पण मधून तारीखरेषा जाते, म्हणून तारखेत एका दिवसाचा फरक. सामोआने व्यापारासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाजूला येताना २०११ मधली ३० डिसेंबर ही तारीखच गाळली होती. आमचाही एक दिवस गेला, नेमका सोमवार. रविवारी रात्री झोपलो आणि मंगळवारी उठलो. मी आईला फोन करून विचारलं, उपासाचं काय करू? आई ९० वर्षांची. म्हणाली, “जो दिवस उगवलाच नाही, त्याचा उपास कसला?”

त्याआधी रारोटोंगा बेट हुकलं. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी उतरावं लागतं आणि लाटा जास्त होत्या. हे कप्तानाच्या हातात नसतं, तक्रार त्याची नाही. तक्रार याची की कंपनीने फक्त बंदराचं शुल्क परत केलं आणि किनाऱ्यावरच्या सहलीचे पैसे मिळायला परत आल्यानंतर तीन महिने पत्रं लिहावी लागली. एकूण खर्च माणशी रोज साधारण १३० डॉलर. सेवेची बक्षिसी वेगळी, माणशी रोज १६ डॉलर, म्हणजे दोघांची ६२ दिवसांची जवळजवळ दोन हजार डॉलर. ती रक्कम आधीच धरून चाला. इंटरनेट घेतलं ते वाया गेलं. आठवड्यातून एकदा मुलाशी बोलण्यापुरतं घेतलं असतं तरी पुरलं असतं.

विम्यात मात्र काटकसर करू नका. हवाई आणि ताहितीच्या मध्ये एका प्रवाशाला छातीत दुखायला लागलं. हेलिकॉप्टर तिथपर्यंत पोचत नाही. जहाजाच्या डॉक्टरांनी तीन दिवस त्यांना सांभाळलं आणि पापेतेला उतरवलं. त्यांची बायको हातात दोन बॅगा घेऊन रुग्णवाहिकेत चढताना मी पाहिली. आम्ही यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या नेल्या होत्या, चिठ्ठीसकट, आणि अर्ध्या माझ्या पर्समध्ये. व्हिसाचंही आधी बघा. युरोपचा शेंगेन व्हिसा ताहितीच्या बेटांना चालत नाही, त्यांचा वेगळा लागतो. न्यूझीलंडला खाण्याची वस्तू लपवली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. मी भाकरवडीचं पाकीट अर्जावर लिहिलं, दाखवलं, त्यांनी बघून परत दिलं.

सुवाला पोचलो तेव्हा दिवाळी दोन दिवसांवर होती. फिजीत दिवाळीची सरकारी सुट्टी असते. बाजारात पणत्या, मिठाया, साड्यांची दुकानं, आणि कानावर हिंदी. आपली हिंदी नव्हे, भोजपुरी-अवधीतून तिथेच घडलेली, पण कळते. १४ मे १८७९ ला ‘लिओनिडास’ जहाज कोलकात्याहून गिरमिटियांना, म्हणजे करारावर बांधलेल्या मजुरांना घेऊन पहिल्यांदा इथे आलं. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं आणली गेली, उसाच्या मळ्यांसाठी. मला युकुलेले शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरचे मजूर हवाईला आले आणि त्यांच्या छोट्या गिटारीतून हे वाद्य झालं. तेही उसाच्या मळ्यांसाठी, तेही १८७९ सालीच. मी मंडईत भाजी विकणाऱ्या एका आजीशी बोलत होते. तिच्या पणजोबांचं गाव तिला माहीत नव्हतं, फक्त ‘बस्ती जिला’ एवढंच. तिने मला मेथीची जुडी दिली आणि पैसे घेतले नाहीत. जहाजावर मेथीचं काय करणार? पण मी ती घेतली आणि गोव्याच्या त्या मुलाच्या हातात दिली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या टेबलावर मेथीची भाजी आली. आम्ही खोलीत सेलवरची पणती लावली.

येताना तारीखरेषा उलटी ओलांडली आणि गुरुवार दोनदा आला. दुसऱ्या गुरुवारी कार्यक्रमपत्रिकेत खूप काही होतं. आम्ही कुठेच गेलो नाही. खालच्या डेकवर लाकडी खुर्च्या आहेत, तिथे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसलो. यांनी ४१ उडणारे मासे मोजले.

परवा मुलगा विचारत होता, परत जाल का? मी हिशेब सांगायला लागले, तेवढ्यात हे म्हणाले, “काउआई ते ताहिती एवढंच तिकीट मिळत असेल तर उद्या काढ.”