८ महिने, २,७०० किलोमीटर आणि गुहागर ते रत्नागिरीचा तो एक दिवस: माझ्या हायब्रिड सायकलचा अनुभव

गेल्या जूनमध्ये घेतली होती, आता फेब्रुवारी संपत आला, मीटरवर २,७०० च्या थोडं वर दिसतंय, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. घेतल्यावर चारच दिवसांत "एकदम स्मूथ, पैसा वसूल" म्हणून मी तिघाचौघांना सांगून मोकळा झालो होतो, त्यातल्या एकाने घेतलीपण, तर हे त्याचं प्रायश्चित्त समजा. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण या किमतीतल्या बऱ्याच हायब्रिडची (म्हणजे रोड बाइक आणि एमटीबीच्या मधल्या सायकलींची) कुंडली साधारण हीच असते: ॲल्युमिनियम फ्रेम, ७०० बाय ३५ चे टायर, मेकॅनिकल डिस्क ब्रेक, पुढे पायडलजवळ ४८-३८-२८ दातांच्या तीन चकत्या आणि मागच्या चाकावर ११ ते ३२ दातांच्या आठ चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट.

रोजच्या वापराला काही तक्रार नाही. कोथरूड ते बाणेर जाऊन-येऊन, पावसाळाभर, रेनकोट घालून. फ्रेम मजबूत आहे, टायर चांगले आहेत, आठ महिन्यांत पंक्चर दोन. ब्रेक पॅड पावसाळ्यात चिखलाने लवकर झिजतात, पहिला सेट १,८०० किलोमीटरला गेला. आणि या ब्रेकमध्ये एकाच बाजूचं पॅड हलतं, दुसरं जागच्या जागी असतं, त्यामुळे ते अधूनमधून स्क्रूने जवळ घ्यावं लागतं. हे दुकानात कोणी सांगत नाही, मग लोक केबल ताणत बसतात आणि ब्रेक लागत नाही म्हणून रडतात (मीपण रडलो). सीट पहिल्या महिन्यात बदलली, त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा झाली नोव्हेंबरात. मी आणि पम्या, शाळेपासूनचा दोस्त, पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून श्रीवर्धन, मग खाड्या फेरीबोटीने ओलांडत वेंगुर्ल्यापर्यंत असा प्लॅन होता. पम्याची सायकल म्हणजे दहा वर्षं जुनी सव्वीस इंची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, रंग उडालेला, कॅरियरला प्लास्टिकची दोरी. निघताना मी म्हटलंसुद्धा, "अरे ही तुझी म्हैस कोकणात कुठे नेतोस, दम निघेल." तो काही बोलला नाही. पम्या बोलत नाही, हाच त्याचा प्रॉब्लेम आहे.

पहिले तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी गुहागरहून साडेसहाला निघालो, रत्नागिरी गाठायचं, नव्वदच्या आसपास अंतर. नव्वद ऐकायला काय, पुणे-सातारा त्याहून लांब आहे आणि ते मी केलंय. पण हा किनाऱ्याचा रस्ता गाडीतून कळत नाही. गाव खाली समुद्राच्या पातळीला, रस्ता तिथून वर सड्यावर चढतो, जांभ्याचा उघडा माळ, एक झाड नाही, पाच-सात किलोमीटर गेलात की पुन्हा खाली पुढच्या गावात, परत चढ. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, प्रत्येक गावाची हीच तऱ्हा. दिवसभरात मिळवलेली उंची तुम्ही संध्याकाळपर्यंत दहा वेळा परत केलेली असते. रात्री फोनवर पाहिलं तर दिवसाची चढाई १,५०० मीटरच्या वर.

वेळणेश्वरच्या अलीकडच्या चढावर मी उतरलो. म्हणजे सायकलवरून उतरून ढकलायला लागलो. मागे दोन्ही पॅनियर (कॅरियरच्या बाजूंना लटकवायच्या बॅगा) मिळून १४ किलो, वर मी ८४. सर्वात हलका गियर पुढे २८, मागे ३२, त्यात एका पायडलला सायकल जवळजवळ १.९ मीटर पुढे जाते. पम्याच्या म्हशीला पुढची लहान चकती २२ ची आणि चाकही लहान, ती एका पायडलला १.४ मीटर जाते. हा हिशोब मी घरी येऊन मांडला, तिथे फक्त एवढंच दिसत होतं की पम्या बसल्या बसल्या टुकूटुकू पाय फिरवत वर चाललाय आणि मी सव्वा लिटर घाम गाळून त्याच्या मागे हँडल धरून चालतोय. तो ताशी पाचने, मी तीनने. वर पोचल्यावर तो जांभ्याच्या गडग्यावर बसून खजूर खात होता. हसला नाही, ते जास्त लागलं.

हेदवीच्या उतारावर मागून टण्ण असा आवाज आला. आधी वाटलं खडा उडाला. मग मागचं चाक डावीकडे डुलायला लागलं आणि टायर मडगार्डच्या काडीला घासून झुक झुक झुक. थांबून पाहिलं तर कॅसेटच्या बाजूचा एक स्पोक, म्हणजे चाकाची तार, मधल्या हबच्या वाकणाशी तुटलेला. तुटतो तो बहुतेक वेळा याच बाजूचा, कारण कॅसेटला जागा करायला रिम उजवीकडे ओढलेलं असतं, त्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात आणि सगळं ओझंही मागच्याच चाकावर. आता गंमत ऐका, माझ्याकडे चार स्पेअर स्पोक होते, फ्रेमला टेप लावून मिरवत आणले होते. पण त्या बाजूचा स्पोक घालायचा तर कॅसेट काढावी लागते आणि कॅसेट उघडायचं टूल पुण्यात घरी ड्रॉवरमध्ये.

पम्याने सायकल उलटी केली, तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळून टेप मारली, मग तिच्या दोन्ही बाजूंच्या डावीकडच्या तारा चावीने अर्धा-अर्धा आटा सैल केल्या. चाक फिरवायचं, अंगठ्याचं नख रिमजवळ धरायचं, कुठे लागतं ते पाहायचं, पाव आटा, पुन्हा फिरवायचं. वीस मिनिटं चाललं होतं, वर ऊन, आणि त्याच्या नाकावरून घामाचा थेंब बरोब्बर हबवर पडत होता. आऊट, म्हणजे चाकाचं डुलणं, पूर्ण निघाली नाही पण टायर घासायचं थांबलं. डिस्क ब्रेकचा इथे फायदा झाला हे कबूल, रिम ब्रेक असता तर मागचा ब्रेक उघडाच ठेवावा लागला असता.

मग त्याने माझा एक पॅनियर काढून त्या प्लास्टिकच्या दोरीने स्वतःच्या कॅरियरला बांधला. मी नको म्हटलं. म्हणजे एकदाच म्हटलं.

तवसाळच्या जेट्टीवर पोचलो तर फेरीबोट नुकतीच सुटलेली, समोर जयगडकडे जाताना दिसत होती. सकाळच्या पोह्यांनंतर पोटात खजुराशिवाय काही नाही, दीड वाजलेला, आणि तिथे आमचं वाजलं. मी म्हटलं पलीकडे टेम्पो करू आणि सरळ रत्नागिरी. तो म्हणाला, "तू जा टेम्पोने." एवढंच. पुढची बोट येईपर्यंत दोघं दोन टोकांना बसलो होतो, चाळिशीची दोन माणसं. शेवटी कोकम सरबत विकणाऱ्या मावशींनीच विचारलं, "तुमी दोगं एकत्रच ना?" आणि दोन ग्लास एकाच्याच हातात दिले. मीठ घातलेलं होतं, आयुष्यात इतकं चांगलं काही प्यायलो नाही. पुढची बोट आली, खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यात भांडण मिटलं की काय ते कळलं नाही पण टेम्पोचा विषय निघाला नाही.

मालगुंडच्या आसपास एका पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. कॅसेटकडे बघून म्हणाले, "ही चकती आपल्या पान्याने सुटायची नाय." पण स्टँडला लावून राहिलेली आऊट बरीच काढून दिली, पैसे घेईनात, शेवटी हवा भरल्याचे म्हणून दहा रुपये घेतले. गणपतीपुळ्याला जेवलो. आरे-वारेचा चढ मी परत ढकलत चढलो, वरून दोन्ही किनारे दिसतात, सूर्य टेकलेला, लोक गाड्या थांबवून सेल्फी काढत होते आणि मी ओशाळून बाजूने. साखरतरच्या पुलावर अंधार झाला, रत्नागिरीत शिरलो तेव्हा आठ वाजून गेले होते. वेंगुर्ला रद्द. दुसऱ्या रात्री खासगी बसच्या डिकीत दोन्ही सायकली.

तर आता प्रश्न, घ्यावी का? ऑफिसला आणि रविवारच्या सिंहगड पायथ्याला, डोळे मिटून घ्या. सामान लादून कोकणात न्यायची असेल तर किमतीत अजून सात-आठ हजार धरा. मी क्रँक (पायडलजवळच्या चकत्यांचा जोड) बदलून ४२-३२-२२ चा टाकला, त्यासाठी पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) खाली सरकवावा लागला आणि चेनच्या दोन कड्या कमी केल्या. वरचा स्पीड जातो म्हणून दुकानदार नको म्हणत होता, पण पुढे ४२, मागे ११ वर मिनिटाला ८० पायडल मारले तरी जवळजवळ चाळीसचा वेग निघतो, आपण कुठे शर्यतीत जातोय. मागचं चाक ३६ तारांच्या रिमवर नवीन विणून घेतलं. त्यानंतर ६०० किलोमीटर झाले, आऊट नाही. कॅसेटचं टूल आता सीटखालच्या पिशवीत असतं, वजन फारसं नाही.

पम्याला क्रँकचा फोटो पाठवला होता. उत्तर आलं, "किती दातांची?" मी बावीस म्हणून लिहिलं. त्यावर त्याने म्हशीचा एक फोटो पाठवलाय, माझ्या पॅनियरची दोरी अजून तशीच कॅरियरला.